खेळ तिकडे, खेळाडू इकडे

सारीपाट मांडायचा तर घरात पट हवा, सोंगट्या हव्यात, कवड्या हव्यात. पत्ते कुटायचे तर बावन्न पानांचा जोड हवा. कॅरम खेळायचा तर तो चौकोनी फळा कुणाच्या तरी ओसरीवर असायला हवा. खेळाचे साहित्य खेळणाऱ्याच्या हाताशी असायचे, निदान शेजाऱ्याच्या घरी तरी सापडायचे. व्हिडिओ गेम आले तेव्हाही हा रिवाज मोडला नाही. खेळ तबकडीत भरलेला असे, तबकडी यंत्रात घालायची आणि यंत्र घरच्या टीव्हीला जोडायचे, की झालं.

हा रिवाज आता मोडू लागला आहे. तुमच्या घरचा एखादा मुलगा मोबाइलच्या पडद्यावर घोडा दौडवताना दिसतो, पण तो खेळ त्या मोबाइलमध्ये असेलच असे नाही. तो शेकडो कोस दूर एखाद्या मोठ्या इमारतीत चाललेला असतो आणि मुलाच्या हातात येते ते त्याचे नुसते चालते चित्र. यालाच क्लाउड गेमिंग म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. पण या ढगात वाफेचा थेंबही नाही. आहेत त्या यंत्रांच्या रांगा, त्यांना थंड ठेवणारे पंखे आणि भलेमोठे विजेचे बिल.

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? आकाशवाणीवर गाणे लागते तेव्हा गवई तरी कुठे आपल्या घरात असतो? खरे आहे. पण एक फरक बघा. गवई गातो, आपण ऐकतो. आपण 'वाहवा' म्हटले तरी ते त्याच्या कानी जात नाही. सूर क्षणभर उशिरा पोचला म्हणून भैरवीचे काही बिघडत नाही. खेळाचे तसे नाही. मुलाने बोट दाबले की ती खूण दूरच्या यंत्रापर्यंत जायला हवी, यंत्राने घोडा वळवायला हवा, वळलेल्या घोड्याचे चित्र आवळून परत पाठवायला हवे आणि मोबाइलने ते उलगडून दाखवायला हवे. इतके सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत! जरा उशीर झाला, की घोडा दरीत गेलाच म्हणून समजा.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण मोठे खेळ फार जड झाले आहेत. २०१८ साली आलेला 'रेड डेड रिडेम्प्शन २' हाच खेळ घ्या. संगणकावर ठेवायचा तर तो १५० गिगाबाइट जागा मागतो, शिवाय चांगले महागडे ग्राफिक्स कार्ड मागतो. साध्या मोबाइलला हे ओझे पेलणारे नाही. तेव्हा ओझे दुसऱ्याने वाहायचे आणि मोबाइलने फक्त खिडकी व्हायचे, अशी ही युक्ती आहे.

युक्तीला आजचे नाव नवे, पण तिचे मूळ साठ वर्षांहून जुने आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी या गणितज्ञाने एक विचार मांडला होता. टेलिफोनची सेवा जशी घरोघर मिळते, तशीच गणकयंत्राची शक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल, असा तो विचार. त्या काळी गणकयंत्र म्हणजे खोलीभर पसरलेले धूड, आणि ते अनेकांनी वाटून वापरण्याचे प्रयोग नुकतेच सुरू झाले होते.

इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये 'प्लेटो' नावाची शिक्षणयंत्रणा उभारायला घेतली. मध्यभागी एक मोठा संगणक आणि त्याला तारांनी जोडलेले दूरदूरचे पडदे, अशी तिची रचना होती. १९७२ च्या सुमारास त्या पडद्यांवर नारिंगी रंगाची चित्रे उमटू लागली. हेतू होता मुलांना शिकवण्याचा. पण मुले ती मुलेच! १९७३ मध्ये 'एम्पायर' हा अंतराळयुद्धाचा खेळ त्याच यंत्रणेवर अवतरला आणि वेगवेगळ्या पडद्यांपुढे बसलेली पोरे एकमेकांशी झुंजू लागली. पडद्यापाशी खेळाडू आणि दूरच्या यंत्रात खेळ, ही मांडणी तेव्हाच झाली होती.

पुढे घरगुती संगणक स्वस्त झाले, खेळ पुन्हा घरात आला आणि दूरच्या यंत्राची कल्पना मागे पडली. ती वाजतगाजत परतली २००९ च्या मार्चमध्ये. स्टीव्ह पर्लमन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'ऑनलाइव्ह' ही सेवा जाहीर केली आणि जून २०१० मध्ये ती अमेरिकेत सुरू झाली. डिसेंबर २०११ मध्ये तिने अँड्रॉइडच्या फोनवर आणि टॅब्लेटवरही पाऊल टाकले. पण खर्चाचा मेळ बसेना. यंत्रे आधी विकत घेऊन ठेवावी लागतात, आणि गिऱ्हाईक येवो न येवो, ती चालू ठेवावीच लागतात. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कंपनीचा डोलारा कोसळला, नोकरांना घरी बसावे लागले आणि मालमत्ता दुसऱ्या हाती गेली. अखेर ३० एप्रिल २०१५ रोजी सेवा बंद पडली आणि तिची पेटंटे सोनी कंपनीने घेतली. याच सोनीने २०१२ मध्ये 'गायकाई' ही तशीच दुसरी कंपनी ३८ कोटी डॉलर मोजून विकत घेतली होती. म्हणजे धंदा बुडाला तरी विद्या बुडाली नाही.

इथे जरा थांबून एक साधे गणित करू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून नागपूर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. जाऊन-येऊन झाले १,४०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाचा सुमारे सात हजारांश भाग. मुंबईहून सिंगापूर सुमारे ४,००० किलोमीटर. जाऊन-येऊन चाळीस हजारांश भाग. आता खेळाचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते असे धरा. एका चित्राच्या वाट्याला येतात सुमारे सतरा हजारांश. नागपूरच्या मुलाची खूण मुंबईला जाऊन परतते तो एक चित्रही पुरे होत नाही. सिंगापूरला पाठवली तर दोन चित्रे हातची जातात. वाटेतले थांबे आणि चित्र आवळण्या-उलगडण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. कितीही पैसा ओता, प्रकाशाला चाबूक मारता येत नाही. म्हणून हा धंदा करायचा तर यंत्रे खेळाडूच्या जवळ नेऊन ठेवावी लागतात. ज्या देशात ती नाहीत, तिथे ही सेवा पोचूनही न पोचल्यासारखी.

पैशाला तोटा नसलेल्या गूगलनेही हा डाव मांडला. मार्च २०१९ मध्ये 'स्टेडिया' जाहीर झाली आणि १९ नोव्हेंबर २०१९ रोजी १४ देशांत सुरू झाली. त्यांत भारत नव्हता. आपला 'रेड डेड रिडेम्प्शन २' पहिल्या दिवसापासून तिथे होता. स्टेडियावर खेळ विकत घ्यावा लागे. पण घेतलेली वस्तू कधी घरी येतच नसे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी गूगलने ही सेवा गुंडाळत असल्याचे सांगितले आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली. गूगलने आपल्या दुकानातून विकलेल्या खेळांचे आणि यंत्रांचे पैसे परत केले, मासिक वर्गणीचे मात्र केले नाहीत. हातात धरायच्या नियंत्रकावर ब्लूटूथ सुरू करून दिले, म्हणजे तो इतरत्र तरी उपयोगी पडावा. व्यवहार म्हणून हे सचोटीचेच झाले. पण फक्त स्टेडियासाठी रचलेले काही खेळ त्या दिवशी खेळाडूंच्या हातून गेले, ते कोणत्या कपाटात शोधायचे? जुना पट माळ्यावर पडून राहतो आणि वीस वर्षांनी नातवाच्या हाती लागतो. या खेळांना माळाच नाही.

मोबाइलवर या खेळांचा खरा वावर सुरू झाला तो मायक्रोसॉफ्टमुळे. १५ सप्टेंबर २०२० रोजी २२ देशांत अँड्रॉइड फोनवर दीडशेहून अधिक खेळ मासिक वर्गणीत खुले झाले. आयफोनच्या दारात मात्र ॲपल उभे! एकेक खेळ आमच्या दुकानात वेगळा मांडा, आमच्याकडून तपासून घ्या, असा ॲपलचा आग्रह. शेवटी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ब्राउझरची वाट धरली, म्हणजे पुढचे दार बंद तर परसदारातून प्रवेश. 'फोर्टनाइट'चीही तीच कथा. पैसे घेण्याच्या पद्धतीवरून वाद होऊन तो खेळ ऑगस्ट २०२० मध्ये ॲपलच्या दुकानातून हटवला गेला. मे २०२२ मध्ये तो याच परसदाराने आयफोनवर फुकट खेळता येऊ लागला. अमेरिकेत पुढच्या दाराने परतायला त्याला मे २०२५ उजाडला. ॲपलनेही जानेवारी २०२४ मध्ये अशा सेवांच्या ॲपना परवानगी दिली.

खेळ एका जागी एकवटले की त्यांच्या किल्ल्याही एका हाती जातात, हे कायद्याच्या रखवालदारांनाही दिसले. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही खेळ बनवणारी कंपनी सुमारे ६,८७० कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने तो सौदा अडवला, आणि कारण दिले ते क्लाउड गेमिंगचेच. दूरवरून खेळवण्याचे हक्क युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या जगासाठी युबिसॉफ्ट या कंपनीकडे सोपवल्यावरच ऑक्टोबरमध्ये संमती मिळाली.

आता आपल्या घरचा हिशेब. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सुरू झाली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टची ही सेवा भारतात आली. महागडे यंत्र न घेता मोठे खेळ खेळता येतील, ही गोष्ट तालुक्याच्या गावातल्या मुलाला लहान वाटणार नाही, आणि वाटूही नये. पण चांगल्या चित्रासाठी सेकंदाला दहा मेगाबिट लागतात असे धरले तर तासाला साडेचार गिगाबाइट होतात. रोज दीड गिगाबाइटचा रिचार्ज असेल तर खेळ चालणार वीस मिनिटे! अमर्याद फाइव्ह-जी आहे त्याला ही चिंता नाही. पण ते सर्वांच्या गावी नाही आणि सर्वांच्या फोनमध्येही नाही. म्हणजे यंत्राचा खर्च वाचला तो काही नाहीसा झाला नाही. तो थोडा वर्गणीत गेला, थोडा रिचार्जमध्ये गेला, आणि दरमहा पुन्हा दाराशी उभा राहतो.

म्हणून घरच्या मुलाने वर्गणीचे पैसे मागितले तर त्याच्यावर डाफरू नका, आणि मुकाट्याने देऊनही टाकू नका. त्याला जवळ बसवून तीन गोष्टी विचारा. खेळ ज्या यंत्रात आहे ते किती दूर आहे? महिन्याला वर्गणी आणि डेटा मिळून किती पडतील? आणि ही सेवा उद्या बंद पडली तर तुझ्यापाशी काय उरेल? पहिल्या दोहोंची उत्तरे तो चटकन देईल. तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला ती अधिक ठाऊक असतात. तिसऱ्या प्रश्नापाशी तो थोडा थांबेल. ऑनलाइव्हवर आणि स्टेडियावर ज्यांनी आपले खेळ ठेवले, त्यांना हा प्रश्न कुणी आधी विचारला असता तर त्यांनी एखादा आवडता खेळ घरच्या यंत्रातही घेऊन ठेवला असता. तुमच्या मुलाला तेवढे करायला अजून वेळ आहे.