हळदीच्या रंगाचे सूत्र

१/ वाईपासून सांगलीपर्यंतचा कृष्णाकाठ हळदीचा. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात ती पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवली जाई. तिला पिवळेपण देणाऱ्या कर्क्युमिनचे रेणुसूत्र ठरायला मात्र ८२ वर्षे लागली.

२/ १८१५ मध्ये फोगेल व पेलेतिए यांनी हे द्रव्य हळदीतून वेगळे काढले. ते शुद्ध नव्हते. १८७० मध्ये डाउबे यांना स्फटिक मिळाले. त्यांचे सूत्र: कार्बन १०, हायड्रोजन १०, ऑक्सिजन ३. १८८२ मध्ये जॅक्सन व मेन्के यांनी १४, १४, ४ सुचवले.

३/ एकाच पदार्थाची इतकी सूत्रे कशी? पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड व पाणी तोलले, की घटकांचे शेकडा प्रमाण कळते. रेणूतील अणूंची संख्या नव्हे. जॅक्सन यांच्या सूत्रात कार्बन ६८.३ टक्के, खऱ्या सूत्रात ६८.५. एवढा फरक तोलण्यातल्या किंचित चुकीतही लपतो.

४/ १८९७ मध्ये चामिचान व झिल्बर यांनी रेणूत दोन मेथॉक्सी गट असल्याचे दाखवून २१, २०, ६ हे सूत्र मांडले. १९१० मध्ये मिलोबेन्द्झ्का, कोस्तानेत्स्की व लांपे यांनी रेणूची रचना उलगडली आणि त्यावर शिक्कामोर्तब झाले.

५/ २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या रंगाची ओळख मात्र तराजूने अर्धीच पटवली होती; उरलेली रेणूच्या घडणीने.