हिटलर नसता तर आपण अजून गुलाम असतो का?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरायला लागतोच. स्वातंत्र्य चरख्याने नाही, हिटलरने दिलं. दुसरं महायुद्ध झालं नसतं तर इंग्रज गेलेच नसते, वगैरे. चहाच्या टपरीवर यावरून दरवर्षी भांडणं होतात. पोस्ट थोडी मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी ‘युद्ध झालं नसतं तर’ म्हणजे काय, ते ठरवू. समजा, १९३८ च्या म्युनिक करारानंतर हिटलर थांबला. पोलंडवर हल्ला नाही, फ्रान्स पडला नाही, जपान चीनमध्येच अडकून राहिला. मग साम्राज्यांचं काय झालं असतं?

यासाठी कल्पनेचे घोडे फार लांब दामटायला नकोत. या युद्धात न उतरलेलं एक साम्राज्य आपल्या शेजारीच, गोव्यात बसलेलं होतं.

सालाझारचा पोर्तुगाल युद्धात तटस्थ राहिला. तोफगोळ्यांसाठी लागणारं वुल्फ्रॅम त्याने दोन्ही बाजूंना विकलं आणि पैसा केला. तिमोर सोडलं तर त्याच्या वसाहतींवर कोणाची फौज चालून गेली नाही. मुरगाव बंदरात १९४३ मध्ये जर्मन जहाजं पेटली, गोव्याने पाहिलेलं युद्ध जवळपास तेवढंच. मग काय झालं? इंग्रज १९४७ ला गेले, पोर्तुगीज १४ वर्षं जास्त राहिले. अंगोलात तर ते १९६१ पासून लढत बसले, पुढे गिनी आणि मोझांबिकमध्येही. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये त्यांच्याच लष्कराने सत्ता उलथवली, तेव्हा कुठे ते साम्राज्य सुटलं.

म्हणजे मेसेज बरोबरच की! युद्धाची झळ लागली नाही तो साम्राज्यवादी सर्वात शेवटी गेला.

थांबा. इंग्रजांचा हिशोब वेगळा होता, आणि तो युद्धाआधीच बिघडला होता.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांचा कारभार निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेला. १९३७ च्या निवडणुकीनंतर अकरापैकी आठ प्रांतांत काँग्रेसची सरकारं आली. आपल्या मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत). कालपर्यंत ज्यांना तुरुंगात टाकलं, त्यांनाच आता गोरा कलेक्टर फाईल दाखवत होता. युद्ध सुरू होईपर्यंत आयसीएसमध्ये हिंदी अधिकारी जवळपास निम्मे झाले होते. आणि हे फक्त आपल्याकडेच घडत नव्हतं. इराक १९३२ मध्ये स्वतंत्र झाला होता. अमेरिकेने १९३४ मध्येच कायदा करून फिलिपिन्सला दहा वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य द्यायचं ठरवलं होतं. यातलं काहीही हिटलरने केलेलं नाही.

मग युद्धाने काय केलं? वेळ कमी केला आणि इंग्रजांचा खिसा रिकामा केला. युद्धापूर्वी भारत ब्रिटनचा कर्जदार होता. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच भारताला सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होता. दोन लाखांची फौज २५ लाखांवर गेली होती. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला चालला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केलं, तेव्हा या देशात बंदुकीच्या जोरावर राहता येणार नाही हे लंडनला कळून चुकलं.

युद्ध नसतं तर? मला वाटतं, स्वातंत्र्य आलं असतं, पण दहा-पंधरा वर्षं उशिरा आणि अर्धवट. कारण १९३५ च्या कायद्यात संघराज्याचाही आराखडा होता. त्यातल्या कनिष्ठ सभागृहात ३७५ पैकी १२५ जागा संस्थानिकांनी नेमलेल्या माणसांना होत्या. संरक्षण आणि परराष्ट्र खातं व्हाईसरॉयच्या हातात राहणार होतं. पुरेसे संस्थानिक सामील होईनात म्हणून ते रखडलं आणि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धामुळे गुंडाळून ठेवलं गेलं. औंधच्या राजाने १९३९ मध्ये आपणहून सत्ता प्रजेला दिली, पण असे राजे किती? युद्ध टळलं असतं तर कदाचित आपल्या संसदेचा एक तृतीयांश भाग कित्येक वर्षं राजवाड्यांतून भरला गेला असता.

फाळणी टळली असती का? छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण १९३७ मध्ये मुस्लिम लीगला मुसलमानांच्या राखीव जागांपैकी जेमतेम पावभर मिळाल्या होत्या. युद्धाच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, १९४२ नंतर नेते तुरुंगात गेले आणि लीगला मोकळं रान मिळालं. केंद्रीय विधिमंडळाच्या निवडणुकीत लीगने मुसलमानांच्या सगळ्या ३० जागा जिंकल्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं मेली, तीही याच युद्धाच्या काळात. हिटलरचे आभार मानणाऱ्यांनी हे बिलही वाचावं.

बाकीच्या जगाला मात्र युद्ध नसण्याचा फटका जास्त बसला असता. सुकार्नो डच सरकारने पाठवलेल्या हद्दपारीतच राहिले असते; जपानने डचांना हाकललं म्हणून ते सुटले. हो ची मिन्हना १९४५ ची ती पोकळी मिळाली नसती. आफ्रिकेला आणखी एखादी पिढी थांबावं लागलं असतं. अमेरिकेची १९३९ मधली फौज दोन लाखांच्या आत होती, तिला जगाची चौकीदारी करायची हौस नव्हती. दोन महासत्तांचं शीतयुद्ध नाही, संयुक्त राष्ट्रंही नाहीत. त्याऐवजी लंडन, पॅरिस, बर्लिन, टोकियो अशा चार-पाच दुकानांचं जुनं जग आणखी रेटलं गेलं असतं.

आता परत गोव्याकडे. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांच्यासारखी माणसं निःशस्त्र गोव्यात शिरली. लाठ्या खाल्ल्या, गोरेंना लांब मुदतीची शिक्षा झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून जास्त माणसं गेली. सालाझार हलला नाही. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य पाठवावं लागलं. का? लंडनमध्ये निवडणूक होती, विरोधी पक्ष होता, सरकारला जाब विचारणारी वर्तमानपत्रं होती. लिस्बनमध्ये यातलं काहीच नव्हतं. ज्याला आपल्याच लोकांना उत्तर द्यायचं नाही, तो दुसऱ्यांच्या लोकांना कशाला देईल?

म्हणून त्या मेसेजमधला ‘दिलं’ हा शब्द मला खटकतो. पहिल्या महायुद्धातही इंग्रज दमले होते. पण तेव्हा आपली तयारी नव्हती आणि हाती आला रौलट कायदा. १९४५ पर्यंत मधल्या २५ वर्षांत गावोगाव माणसं उभी राहिली होती. साताऱ्यात तर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावचा कारभार चालवून दाखवला. वादळाने झाड पडतं हे खरं, पण मुळं आधी कोणीतरी खणलेली असावी लागतात.

पटलं नाही तर खाली जरूर लिहा. फक्त फॉरवर्ड चिकटवू नका, स्वतःचं मत लिहा.