घटकाभर म्हणजे किती?

‘घटकाभर थांब, आलोच.’ ही घटका कोणाची पाच मिनिटांची, कोणाची तासाभराची. त्यावरून मित्रांत रोज जुंपते. खरं तर घटका मोजूनमापून ठरलेली होती: २४ मिनिटं, दिवसाला ६०. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका झाली. ‘घटका भरली’ तिथूनच आलं. पळही २४ सेकंदांचं होतं. आपण ‘पळभर’ म्हणत तेही सैल केलं.

घड्याळ आल्यावर वाद मिटायला हवा होता. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. महापालिका मात्र ‘बॉम्बे टाइम’ला पुढे कित्येक वर्षं चिकटून राहिली. ‘दहाला भेटू’ म्हटल्यावर ‘कुठल्या दहाला?’ हे विचारणं रास्तच होतं. (टाइमझोनचे बग सोडवणाऱ्यांना हे दुःख कळेल.) याला निव्वळ हट्ट म्हणणं मला पटत नाही. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीचे कामगार नव्या वेळेविरुद्ध संपावर गेले. सहाचा भोंगा नव्या वेळेने वाजला, तर जुन्या हिशेबाने तेव्हा ५ वाजून २१ मिनिटंच झालेली असणार.