ग्रंथाकडून शिलालेखाकडे

ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इतिहासाचे अध्यासन विल्यम कॅम्डेन यांनी १६२२ मध्ये स्थापन केले. मात्र पहिले प्राध्यापक डेगरी व्हेअर यांची व्याख्याने फ्लोरस या रोमन लेखकाच्या ग्रंथाला धरूनच चालत, कारण इतिहास शिकणे म्हणजे अभिजात ग्रंथ वाचणे, अशीच तेव्हाची समजूत होती. १८५० च्या सुधारणेनंतर ‘लिटेरी ह्यूमॅनिओरेस’ या ग्रीक-लॅटिन विद्यांच्या अभ्यासक्रमाचे दोन टप्पे झाले : आधी भाषा व वाङ्मय, आणि मग ‘ग्रेट्स’ या नावाने ओळखली जाणारी, इतिहास व तत्त्वज्ञानाची अंतिम परीक्षा. थ्युसिडिडीझ आणि टॅसिटस मुळातून वाचण्याची ही शिस्त कठोर होती, आणि तिचे मोल आजही कमी लेखता येत नाही. परंतु लेखकाने जे सांगितले नाही ते तिच्या आवाक्याबाहेरच राहत असे.

ही मर्यादा ओलांडण्याचे श्रेय प्रामुख्याने जर्मन अभ्यासकांकडे जाते. बर्लिनच्या अकादमीने १८५३ मध्ये थिओडोर मॉमसेन यांच्याकडे लॅटिन कोरीव लेखांच्या संग्रहाचे काम सोपवले, आणि जुन्या नकलांवर विसंबून न राहता लेख शक्य तेथे प्रत्यक्ष शिळेवरच तपासावा, हा दंडक त्यांनी घालून दिला. त्यासाठी ठसा घेतला जाई : शिळा स्वच्छ धुऊन तिच्यावर ओला कागद पसरायचा, ताठ केसांच्या ब्रशाने तो ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वाळल्यावर अलगद सोडवायचा. तिरप्या उजेडात धरलेल्या अशा कागदावर झिजलेली अक्षरेही पुष्कळदा लागतात. महाराष्ट्रातील शिलालेखांच्या अभ्यासकांनाही ठशाचे हे महत्त्व चांगले परिचयाचे आहे.

१८९१ मध्ये फ्रेडरिक केन्यन यांनी ब्रिटिश म्युझियममधील पपायरसावरून, म्हणजे लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीपासून केलेल्या लेखनपत्रावरून, ॲरिस्टॉटलच्या नावे असलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर हा ग्रंथ मुख्यतः नंतरच्या लेखकांनी दिलेल्या अवतरणांतूनच ठाऊक होता. इजिप्तमधील एका शेतीच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूवर कोणी तो उतरवून घेतला, म्हणूनच तो हाती लागला.

ऑक्सफर्डने प्रवेशासाठीची ग्रीकची सक्ती १९२० मध्ये उठवली, आणि त्याच वर्षी स्त्रियांना तेथे पदव्या मिळू लागल्या. पुढे रोनाल्ड साइम यांच्या १९३९ मधील ‘द रोमन रेव्होल्यूशन’ या ग्रंथात दोन्ही परंपरा एकत्र आलेल्या दिसतात. व्यक्तींची कुळे, सोयरिकी व पदे जुळवून सत्तेची घडण उलगडण्याच्या त्यांच्या पद्धतीत टॅसिटसच्या वाक्याइतकेच वजन एखाद्या थडग्यावरील नावाला आणि त्याखाली कोरलेल्या अधिकारपदांच्या यादीला आहे.