कैरो : राजधान्यांच्या थरांवर उभे असलेले शहर

इजिप्तला जाणाऱ्या पर्यटकांच्या कार्यक्रमात कैरोच्या वाट्याला बहुधा दोनच दिवस येतात. एक दिवस गिझाच्या पिरॅमिडसाठी, तर दुसरा वस्तुसंग्रहालयासाठी. त्यानंतर प्रवासी लक्सर किंवा अस्वानकडे वळतात. वास्तविक खुफूचा पिरॅमिड कैरोपेक्षा सुमारे साडेतीन हजार वर्षांनी जुना आहे आणि फॅरोंची राजधानी असलेले मेम्फिस कैरोच्या दक्षिणेस होते. कैरो हे मध्ययुगात घडलेले शहर आहे आणि ते पाहायचे, तर नाईलच्या पूर्वतीरावरील जुन्या वस्त्यांत पायी फिरण्याला पर्याय नाही.

इ.स. ६४१च्या सुमारास अरब सेनापती अम्र इब्न अल-आस याने रोमन किल्ल्याशेजारी फुस्तात हे लष्करी ठाणे वसविले. पुढे अब्बासी सुभेदारांनी अल-अस्कर, इब्न तुलूनने अल-कताई आणि ९६९मध्ये फातिमी सेनापती जौहर याने अल-काहिरा, म्हणजे 'विजयी नगरी' उभारली. प्रत्येक नव्या सत्तेने जुन्या राजधानीच्या ईशान्येला आपली नवी राजधानी थाटली. या चार वस्त्या कालांतराने एकमेकींत मिसळल्या आणि अल-काहिराचे नाव सर्वांना लाभले. युरोपीयांनी त्याचेच कैरो केले.

जुने कैरो

भटकंतीची सुरुवात दक्षिणेकडून करावी. मेट्रोच्या मार गिरगिस स्थानकातून बाहेर पडताच बॅबिलोन या रोमन किल्ल्याचे गोल बुरूज समोर येतात. किल्ल्याच्या दरवाजावर तोलून धरलेले कॉप्टिक ख्रिश्चनांचे चर्च 'अल-मुअल्लका', म्हणजे 'झुलते चर्च', म्हणून ओळखले जाते. जवळच बेन एझ्रा हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. ईश्वराचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या श्रद्धेमुळे तेथील कोठडीत शतकानुशतके जुनी कागदपत्रे साठत गेली. त्यांतील बहुतांश १८९६-९७मध्ये केंब्रिजला नेण्यात आली. बाराव्या शतकात मंगळुरात राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू या ज्यू व्यापाऱ्याची पत्रेही त्या कागदांत निघाली. अमिताव घोष यांच्या 'इन अ‍ॅन अँटिक लँड' (१९९२) या पुस्तकाचा तोच धागा आहे. अम्रची मशीद येथून जवळ आहे. आफ्रिका खंडातील ही पहिली मशीद होय. मात्र आजची इमारत वेळोवेळी नव्याने बांधलेली आहे.

नदीतील रोडा बेटावर ८६१मध्ये बांधलेले 'नाईलमापक' सहसा पर्यटकांच्या यादीत नसते. खोल विहिरीसारख्या या वास्तूच्या मध्यभागी संगमरवरी अष्टकोनी स्तंभ असून त्यावर हातांच्या मापाच्या खुणा आहेत. पाणी सोळा हातांपर्यंत चढले, की पीक चांगले येणार हे निश्चित होई आणि त्यावरच शेतसारा ठरे. पूर कमी आला, तर दुष्काळ ठरलेला. अस्वानचे मोठे धरण १९७०मध्ये पूर्ण झाल्यावर नाईलचा वार्षिक पूर थांबला आणि या मापाचे कामही संपले.

मशिदी आणि बालेकिल्ला

अब्बासींनी ९०५मध्ये अल-कताई जमीनदोस्त केले. तेव्हा वाचली ती केवळ इब्न तुलूनची मशीद. विटांची ही भव्य वास्तू ८७९मध्ये पूर्ण झाली. तिच्या मिनाराला बाहेरून वळत जाणारा जिना आहे. पुढे सुलतान हसनची मशीद (१३५६-६३) लागते. सुन्नी पंथाच्या चारही न्यायशाखांच्या पाठशाळा तिच्या एकाच आवारात होत्या. तिचे उत्तुंग प्रवेशद्वार मामलुक स्थापत्याचा कळस मानले जाते.

समोरच्या टेकडीवर सलादिनने ११७६मध्ये बालेकिल्ल्याचे काम सुरू केले. पुढची सुमारे सात शतके इजिप्तचा कारभार येथूनच चालला. याच किल्ल्यात १८११मध्ये महंमद अलीने मामलुक सरदारांना मेजवानीला बोलावून त्यांची कत्तल केली. त्याने बांधलेल्या मशिदीच्या प्रांगणात फ्रान्सने भेट दिलेले मनोऱ्याचे घड्याळ आहे. त्या बदल्यात इजिप्तने दिलेला लक्सरचा पाषाणस्तंभ पॅरिसच्या मध्यवर्ती चौकात आजही दिमाखात उभा आहे. घड्याळ मात्र बहुतेक काळ बंदच राहिले.

फातिमी नगरी

बाब झुवैला ते बाब अल-फुतूह या अकराव्या शतकातील दोन वेशींना जोडणारा अल-मुइझ रस्ता जेमतेम एक किलोमीटर लांबीचा असला, तरी त्याला अर्धा दिवस अपुरा पडतो. सुलतान कलाऊनचे रुग्णालय, पाठशाळा व कबर असलेला संकुल (१२८४-८५), नक्षीदार दर्शनी भिंतीची अल-अकमर मशीद (११२५) आणि खान अल-खलिली बाजार, हे सारे याच परिसरात आहे. नोबेल पुरस्कार (१९८८) मिळविणारे कादंबरीकार नगीब महफूझ यांचा जन्म येथल्याच गमालिया मोहल्ल्यातला. बाजाराच्या दक्षिणेस अल-अझहर मशीद आहे. ९७२मध्ये ती पूर्ण झाली आणि तिच्याभोवती इस्लामी जगतातील एक अग्रगण्य विद्यापीठ वाढले.

वेशीलगतच्या अल-हाकिम मशिदीशी मुंबईचे नाते आहे. दाऊदी बोहरा समाज फातिमी परंपरेशी आपला वारसा जोडतो. पडझड होऊन कोठार व बराकी म्हणूनही वापरल्या गेलेल्या या मशिदीचा जीर्णोद्धार समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी करविला. तो १९८०मध्ये पूर्ण झाला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जून २०२३मध्ये या मशिदीला भेट दिली. शुभ्र संगमरवराने जुनेपण झाकले गेले, अशी टीका काही वास्तुतज्ज्ञांनी केली असली, तरी एक पडीक वास्तू त्यामुळे पुन्हा नांदती झाली, हेही खरे.

काय टिकणार?

ऐतिहासिक कैरोचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९७९मध्ये झाला. १९९२च्या भूकंपात येथील अनेक वास्तूंना तडे गेले. त्यानंतर दुरुस्तीची मोठी कामे झाली. कित्येक शतकांच्या कचऱ्याच्या टेकडीवर आगाखान संस्थेने फुलविलेले अल-अझहर उद्यान २००५मध्ये खुले झाले. ते उभारताना शहराची बाराव्या शतकातील तटबंदीही उजेडात आली.

दुसरी बाजू कबरस्तानांत दिसते. 'मृतांचे शहर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विस्तीर्ण परिसरात सुलतान कायतबेच्या कबरीसारख्या अप्रतिम वास्तू आहेत आणि कबरींच्या आवारात पिढ्यान्पिढ्या राहणारी कुटुंबेही आहेत. २०२०पासून नवे रस्ते आणि उड्डाणपूल यांसाठी येथील अनेक कबरी पाडण्यात आल्या. इतिहासकारांनी व वास्तुविशारदांनी त्याला तीव्र विरोध केला. दरम्यान, पूर्वेकडील वाळवंटात नवी प्रशासकीय राजधानी उभी राहिली असून मंत्रालये तेथे हलली आहेत. सत्ता पुन्हा एकदा पुढे सरकली आहे. मागे राहिलेल्या शहराचे काय होते, याचे उत्तर फुस्तात आणि अल-कताईच्या इतिहासात आहे. ते टाळता येते का, हाच आजचा प्रश्न आहे.

पर्यटकांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास उत्तम. तुतनखामेनच्या थडग्यातील संपूर्ण ठेवा आता गिझाजवळच्या भव्य नव्या संग्रहालयात आहे. त्याचे औपचारिक उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. राजघराण्यातील २२ ममी एप्रिल २०२१मध्ये फुस्तातच्या संस्कृती संग्रहालयात हलविल्या गेल्या. तहरीर चौकातील १९०२चे जुने संग्रहालयही पाहण्याजोगे आहे. मशिदींत जाताना अंगभर कपडे असावेत, स्त्रियांनी डोके झाकण्यासाठी ओढणी जवळ ठेवावी आणि शुक्रवारची दुपारच्या नमाजाची वेळ टाळावी. बाजारात घासाघीस अपेक्षितच असते. छोट्या कामासाठी 'बक्षीश' मागितले जाते. शब्द आपल्या ओळखीचाच. सुटे पैसे तेवढे खिशात हवेत.