झोळी आणि पावती

इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांत मोठ्या देणग्या मिळवण्यासाठी खास पगारी अधिकारी नेमलेले असतात. कोणाची ऐपत किती, त्याला कशात आस्था आहे, त्याच्याकडे केव्हा जायचे आणि किती मागायचे, हे पाहणे हाच त्यांचा व्यवसाय. आमच्या समाजात हे काम बहुधा मास्तराच्या गळ्यात पडते. शाळेच्या एका खोलीसाठी आम्हीही पावतीपुस्तक घेऊन बाजारात फिरलो आहोत. एका वयस्कर दुकानदाराने चहा पाजला आणि म्हणाले, "मास्तर, पैसे देतो. पण मागच्या चंद्याचा हिशेब आधी दाखवा." मागचा चंदा आमच्या आधीच्या लोकांनी जमवला होता. त्याची वही कोणालाच सापडत नव्हती. आम्ही मान खाली घालून परतलो. अलीगढचा इतिहास आम्ही वर्गात अनेकदा शिकवला होता. त्या दिवसानंतर तो मागणाऱ्याच्या बाजूने वाचावासा वाटला.

सर सय्यद अहमद खान यांना आपण शिक्षणमहर्षी म्हणून ओळखतो. पण आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षे ते प्रामुख्याने मागणारे होते. १८६९ मध्ये ते इंग्लंडला गेले ते ग्रंथसंग्रह विकून आणि घर गहाण टाकून. तिथली विद्यापीठे पाहून परतल्यावर १८७२ मध्ये त्यांनी कॉलेजच्या निधीसाठी समिती स्थापन केली. २४ मे १८७५ रोजी अलीगढला शाळा सुरू झाली. ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते कॉलेजचा पाया घातला गेला.

त्यांची मागण्याची रीत पाहण्यासारखी आहे. कोणी मेजवानी देऊ केली, तर जेवणाचा खर्च रोख द्या, तो कॉलेजला जाईल, असे ते सांगत. त्यांनी लॉटरी काढली, तेव्हा धार्मिक लोकांनी टीका केली. १८८४ मध्ये पंजाबभर दौरा केला. १८८९ मध्ये अलीगढच्या प्रदर्शनात सत्तरी ओलांडलेले सर सय्यद चक्क रंगमंचावर उभे राहिले. त्यांच्या इभ्रतीला हे शोभत नाही, असे मित्रांनाही वाटले. पण आपली इभ्रत मोठी की कौमच्या मुलांचे शिक्षण, हा हिशेब त्यांनी मनाशी कधीच मिटवला होता.

देणाऱ्याचे मनही ते ओळखत. रक्कम लहान असेल तर कुंपणाच्या भिंतीवर दात्याचे नाव, मोठी असेल तर वसतिगृहाच्या खोलीवर किंवा सभागृहात. ही नावे केवळ मुसलमानांची नाहीत. राजा जयकिशनदास यांच्यासारखे हिंदू मित्र या कामात पहिल्यापासून बरोबर होते, पतियाळाच्या महाराजांनीही मदत केली. कॉलेजची दारेही सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती.

या कथेचे दुसरे पान मात्र शाळेच्या भाषणांत वाचले जात नाही. १८९५ मध्ये उघडकीस आले की कॉलेजच्या हेडक्लर्कने लाखाहून अधिक रुपयांचा अपहार केला आहे. ज्या माणसाने दारोदार फिरून रुपया रुपया जमवला, त्याचे हिशेबाकडे मात्र दुर्लक्ष झाले होते. या धक्क्यातून ते सावरले नाहीत. २७ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. लाखो रुपये जमवणाऱ्या या माणसाच्या दफनाचा खर्च मित्रांनी केला. स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नव्हते, यात शंका नाही. पण मागणाऱ्याची सचोटी आणि वहीची सचोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही आपण शिकले पाहिजे.

कॉलेजचे विद्यापीठ करायचे, हे स्वप्न नवाब मोहसिन-उल-मुल्क यांनी पुढे नेले. सर सय्यद यांच्या स्मारकनिधीसाठी त्यांनी दहा लाखांचे लक्ष्य ठेवले. त्यांच्या हयातीत ते पूर्ण झाले नाही. मोहिमेला खरी गती मिळाली ती आपल्या नागपुरात. डिसेंबर १९१० मध्ये तिथे मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे अधिवेशन भरले आणि तिथून देशव्यापी निधीसंकलनाची हाक गेली. पुढाकार आगाखान यांचा. पुण्याच्या आगाखान पॅलेसमुळे हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. वय अवघे ३३. आधी स्वतःचे एक लाख रुपये दिले, मग झोळी पुढे केली. मौलाना शौकत अली सरकारी नोकरीतून रजा काढून त्यांचे सचिव म्हणून गावोगाव हिंडले. इस्माइली पंथाचा इमाम सुन्नी नवाबाच्या दारी आणि व्यापाऱ्याच्या पेढीवर एकाच विद्यापीठासाठी जातो आहे, हे दृश्य आजच्या फिरकेबाजीच्या काळात आठवावे असे आहे. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगमेने आणि महमुदाबादच्या राजांनी मोठ्या देणग्या दिल्या, तर सामान्यांनी आपापल्या कुवतीप्रमाणे आणे आणि रुपये दिले.

पैसा जमला, तरी विद्यापीठ लगेच मिळाले नाही. अलीगढबाहेरची कॉलेजे जोडण्याचा अधिकार द्यायला सरकारने १९१२ मध्ये नकार दिला आणि वाटाघाटी लांबल्या. अखेर १९२० मध्ये कायदा झाला. कॉलेज आणि निधी जमवणाऱ्या संस्था विसर्जित होऊन त्यांची सारी मालमत्ता नव्या विद्यापीठाकडे गेली. तीस लाखांचा राखीव निधी हा त्याचा आधार होता. सुलतान जहाँ बेगम पहिल्या कुलपती झाल्या.

इथे गोष्ट संपली असती, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. १९६७ मध्ये अजीज बाशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हे विद्यापीठ १९२० च्या कायद्याने निर्माण झाले, मुस्लिम समाजाने ते स्थापन केले असे म्हणता येणार नाही. म्हणजे झोळी समाजाची, संस्था मात्र कायद्याची! ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी तो दृष्टिकोन रद्द ठरवला. केवळ कायद्याने विद्यापीठाचे रूप आले म्हणून मूळ संस्थापक पुसले जात नाहीत. कल्पना कोणाची होती, पैसा आणि जमीन कोणी दिली, पावले कोणी उचलली, हे तपासले पाहिजे, असे बहुमताने सांगितले. अलीगढचा प्रत्यक्ष निर्णय मात्र त्यांनी दिला नाही, तो नियमित पीठाकडे सोपवला.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोणी दिलेला रुपया आता पुरावा ठरू शकतो. आगाखान आणि शौकत अलींनी गावोगाव जमवले तेव्हा देणाऱ्याला ते मुलांच्या शिक्षणासाठी वाटले असेल, आपण न्यायालयासाठी साक्ष लिहून ठेवतो आहोत, हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. समाजाने संस्था उभी केली, हे भाषणाने सिद्ध होत नाही. ते वहीत लिहिलेले असावे लागते.

आम्ही नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर शाळेचे नाव, खाली तारीख, रक्कम, सही. पावतीची दुसरी प्रत पुस्तकातच राहते. ती घेऊन आम्ही त्या दुकानदारांकडे पुन्हा गेलो. चष्मा लावून त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वही पाहिली, मग गल्ला उघडला.