पडण्याची विद्या

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाने पांढरा पट्टा बांधून विद्यार्थ्यांच्या रांगेत शेवटी बसावे, ही गोष्ट आमच्या कचेरीतील मंडळींना थट्टेची वाटली. आणि त्यात त्यांची काही चूक होती असे मला म्हणवत नाही. निमित्त घडले ते असे. बंगळूरच्या एका पावसाळी सायंकाळी जिन्याच्या ओल्या पायरीवरून माझा पाय निसटला, तोल सावरण्यासाठी मी हात पुढे टाकला, आणि मनगट मोडले. यथाकाल प्लास्टर निघाले. भय मात्र निघाले नाही. जिना दिसला की हात आपोआप कठड्याकडे जाई. माझी मुलगी तेव्हा आयकिदो शिकत होती. ती एकदा सहज म्हणाली, "बाबा, तुम्हांला पडताच येत नाही." ते वाक्य मला लागले, कारण ते खरे होते.

पहिल्या दिवशी मला वाटले होते की, निदान एखादा पेच तरी शिकवतील. शिकवले ते केवळ पडणे. हनुवटी छातीशी घ्यायची, म्हणजे डोके आपटत नाही. पाठीची कमान करायची. हात ताठ टेकायचा नाही, तर खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरपे लोळण घेत उठायचे. जपानी भाषेत याला उकेमी म्हणतात. माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान असलेली मुले चेंडूसारखी लोळत होती. मी मात्र पोते टाकल्यासारखा पडत होतो.

या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या भाषेत पडण्याला चांगला शब्दच नाही. पाठ लागणे, अस्मान दिसणे, चारी मुंड्या चीत होणे. आखाड्यातून आलेले हे सारे शब्दप्रयोग पराभवाचे आहेत. आपल्या पूर्वजांना पडण्याची चिंता नव्हती असे नव्हे. हौद्यातली तांबडी माती खणून, तेल-ताक घालून मऊ करतात, ती त्यासाठीच. पण आपण माती मऊ केली. जपान्यांनी पडणारे अंग मऊ केले, एवढाच काय तो भेद!

मल्लविद्येत हा प्रदेश काही मागासलेला नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा जो ग्रंथ रचला, त्यात मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची वय, देह आणि बळ यांनुसार वर्गवारी तीत केलेली असून, त्यांच्या आहाराचा भार राजावर टाकला आहे. चाळिशी ओलांडलेल्या सरकारी नोकराची त्या वर्गवारीत काही सोय असेल, असे मला वाटत नाही. म्हैसुरास विजयादशमीला राजवाड्यात जेट्टींची वज्रमुष्टी होते, ती रक्ताचा पहिला थेंब दिसताच थांबवतात. बंगळूरच्या जुन्या पेटेत गरडी, म्हणजे तालमी, अजून पाहावयास मिळतात. या साऱ्या परंपरेत कोणीतरी जिंकतो. आयकिदोच्या मुख्य परंपरेत मात्र सामनाच नाही. दोघे आळीपाळीने एकमेकांस पाडतात, आणि निम्मा वेळ प्रत्येकाच्या वाट्याला पडणेच येते.

ही विद्या ज्याने घडवली, त्या मोरिहेई उएशिबाचा जन्म 1883 चा, तानाबे गावचा. 1912 साली तो आपल्या भागातील कुटुंबे घेऊन उत्तरेच्या होक्काइदो बेटावर वसाहत करण्यास गेला. जंगल तोडून शेते करणे, थंडीशी झगडणे, पुढे गावच्या कारभारात भाग घेणे. हा त्याचा उद्योग. अंगात ताकद विलक्षण, आणि जुजुत्सूचेही थोडेफार शिक्षण झालेले. 1915 मध्ये एन्गारू येथील एका खानावळीवजा विश्रामगृहात त्याची गाठ ताकेदा सोकाकूशी पडली. ताकेदा पंचावन्नच्या घरातला, पाच फुटांहूनही ठेंगणा. त्याच्यापुढे उएशिबाचे बळ चालेना. तेव्हा एकतीस वर्षांचा तो वसाहतीचा पुढारी घरची कामे बाजूस ठेवून महिनाभर तेथेच राहिला, आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकला. मला उएशिबाच्या चरित्रातला हा महिना त्याच्या पुढल्या साऱ्या कीर्तीहून अधिक मोलाचा वाटतो. आयकिदो हे नाव रूढ झाले ते 1942 साली. 1969 मध्ये तो वारला.

ज्युदोचा जनक कानो जिगोरो याने 1930 मध्ये उएशिबाचे कौशल्य पाहिले आणि आपले निवडक शिष्य त्याच्याकडे शिकण्यास धाडले. स्वतः एका संप्रदायाचा प्रमुख असून शिष्यांना दुसऱ्याच्या दारी पाठवणे, हे मन आमच्या घराणेदार गवयांनी पाहिले असते तर बरे झाले असते!

कानोच्याच परंपरेतील शिंझो ताकागाकी 1929 साली हिंदुस्थानात आला, तो रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून. आदल्याच वर्षी कविवर्य बंगळुरात मुक्कामाला होते. शांतिनिकेतनात 1905 मध्येच सानो नावाचा जपानी शिक्षक जुजुत्सू शिकवून गेला होता. पण रवींद्रनाथांची हौस तेवढ्यावर भागली नव्हती. या वेळी मुलीही ज्युदो शिकू लागल्या. अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन त्यांतल्याच एक. त्या काळी भल्या घरच्या मुलीने चटईवर आपटून घ्यावे, हे सोसणारा समाज किती लहान असेल! प्रयोग फार काळ टिकला नाही. ताकागाकी पुढे नेपाळ, अफगाणिस्तानकडे गेला, आणि ती विद्या आपल्याकडे घरोघर व्हावी ही कवीची इच्छा तशीच राहिली.

परवा मंगळवारी माझ्या मुलीने मला सलग तीन वेळा पाडले. पहिल्या दोन वेळांना जुन्या सवयीने हात पुढे गेलाच, आणि तिने चटकन् माझी बाही धरली. तिसऱ्या वेळी तो गेला नाही. मी लोळण घेऊन उभा राहिलो, तेव्हा ती टाळी वाजवील असे मला वाटले होते. पण ती दुसऱ्या जोडीदाराकडे वळली होती. रात्री जिना उतरताना कठडा धरला की नाही, ते आता आठवत नाही. पाठ मात्र दोन दिवस दुखत होती.